पांढरी चौकट गेली, अक्षरंही गेली

प्रश्न : आरोग्य सर्वेक्षणाच्या एका प्रकल्पात मी संख्याशास्त्राचं काम बघते. आलेख ‘आर’ या संगणकभाषेत, तिच्यातल्या जीजीप्लॉट या पॅकेजवर काढते. पुढच्या आठवड्यात आमचं प्रेझेंटेशन आहे आणि सगळ्यांनी तेच वापरायचं म्हणून गडद निळ्या स्लाइडचं टेम्प्लेट आलं आहे. माझा प्रत्येक आलेख त्यावर पांढऱ्या ठोकळ्यासारखा बसतो. पॉवरपॉइंटमधल्या ‘सेट ट्रान्सपरंट कलर’ने पांढरा रंग काढला, तर रेषांना फिकट किनार राहिली आणि पांढरे गोल ठिपके आरपार झाले. मग आलेख सेव्ह करणाऱ्या ‘जीजीसेव्ह’मध्ये बॅकग्राउंड ट्रान्सपरंट करून पाहिलं, काही फरक नाही. बरीच खटपट केल्यावर चौकट गेली एकदाची, पण अक्षांवरचे आकडेही दिसेनासे झाले. कॉन्फिडन्स इंटरव्हलचा, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता दाखवणारा, पट्टा आधी छान आकाशी होता, तो आता मळकट निळा दिसतो. माझा सहकारी पायथॉनमध्ये काढतो. त्याचं सगळं जमलं, फक्त लेजंडची, म्हणजे कुठला रंग कशाचा ते सांगणाऱ्या यादीची, चौकट पांढरी राहते. हेच आलेख नंतर छापील अहवालातही जायचे आहेत. कुठून सुरुवात करू?
(नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : तक्रारी बऱ्याच दिसल्या तरी सगळ्यांचं मूळ एकच आहे. आलेखाची पार्श्वभूमी काढली की तिथे ‘काहीच नाही’ असं होत नाही. तिथे स्लाइडचा रंग येतो आणि तो तुमच्या आलेखाचाच एक रंग होऊन बसतो. जीजीप्लॉटचे मूळ रंग, रेघा, अक्षरं, ठिपके हे सगळं पांढऱ्या कागदाच्या हिशेबाने ठरवलेलं असतं. कागद काढून घेतलात, आता हिशेब पुन्हा मांडावा लागणार. एवढं मान्य केलंत तर पुढचं काम अर्ध्या दिवसाचं आहे.

सगळ्यात आधी ‘सेट ट्रान्सपरंट कलर’ विसरून जा. ते बटण एकच काम करतं: तुम्ही दाखवलेल्या रंगाचे पिक्सेल शोधून तेवढेच गायब करतं. आता तुमची एखादी गडद लाल रेषा जवळून बघा. समजा तिचा रंग लाल २००, हिरवा ०, निळा ० असा आहे. तिरपी रेषा पायऱ्या-पायऱ्यांची दिसू नये म्हणून संगणक कडेच्या पिक्सेलमध्ये रेषेचा आणि मागचा रंग मिसळतो. मागे पांढरा असेल आणि पिक्सेल अर्धाच रेषेखाली येत असेल, तर त्याचा रंग होतो २२८, १२८, १२८, म्हणजे गुलाबी. पांढऱ्यावर हा गुलाबी कुणाला जाणवतही नाही. पण बटण फक्त पांढरा काढतं, गुलाबी तसाच ठेवतं, आणि गडद निळ्यावर तो गुलाबी चमकायला लागतो. तीच तुमची किनार. खरं तर त्या पिक्सेलमध्ये मूळ लाल रंग आणि ‘अर्धा पारदर्शक’ ही नोंद असायला हवी होती. मग १०, ३०, ८० अशा निळ्या स्लाइडवर तो आपोआप १०५, १५, ४० झाला असता आणि डोळ्याला खटकला नसता. ही नोंद आलेख सेव्ह होतानाच करावी लागते. चित्र एकदा पांढऱ्यावर मिसळून झालं की कुठलंही बटण ती परत आणू शकत नाही. ठिपक्यांचं तर आणखी सोपं आहे. तुमचे ठिपके पांढरे, बटणाला पांढरं काढायला सांगितलेलं. त्याने सांगितलं ते केलं.

ही नोंद ठेवायची सोय प्रत्येक फाइलमध्ये नसते. जेपीईजीमध्ये मुळीच नाही. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो किंवा अजिबात दिसत नाही, मधलं काही नाही. १९९६ साली आलेल्या पीएनजीमध्ये मात्र प्रत्येक पिक्सेलसोबत त्याची पारदर्शकता लिहिता येते, नेहमीच्या फाइलमध्ये २५६ पातळ्यांवर. म्हणून स्लाइडसाठी पीएनजी, किंवा तुमचं पॉवरपॉइंट घेत असेल तर एसव्हीजी. एसव्हीजी कितीही मोठं केलं तरी फाटत नाही, पण हजारो ठिपक्यांचा आलेख असेल तर फाइल जड होते आणि स्लाइड बदलताना अडखळते. तिथे पीएनजीच बरं. आणि सहकाऱ्याला आलेख पाठवताना चॅटवर ‘फोटो’ म्हणून पाठवू नका. बहुतेक ठिकाणी त्याचा वाटेत जेपीईजी होतो आणि सगळी मेहनत पांढऱ्या किंवा काळ्या रंगात बुडते. फाइल म्हणून पाठवा.

आता ‘जीजीसेव्ह’ने तुमचं का ऐकलं नाही ते. त्यातला ‘बीजी’ हा फक्त आलेखाच्या मागचा कॅनव्हास ठरवतो. त्याच्यावर जीजीप्लॉट स्वतःचे थर रंगवतो: पूर्ण आलेखामागे ‘प्लॉट डॉट बॅकग्राउंड’, अक्षांच्या आतल्या भागामागे ‘पॅनल डॉट बॅकग्राउंड’, लेजंडमागे ‘लेजंड डॉट बॅकग्राउंड’, त्यातल्या प्रत्येक खुणेमागे ‘लेजंड डॉट की’, आणि फॅसेट (एकाच आलेखाचे गटवार छोटे आलेख) वापरत असाल तर प्रत्येक शीर्षकामागे ‘स्ट्रिप डॉट बॅकग्राउंड’. कॅनव्हास पारदर्शक केलात, पण त्यावरचा पांढरा आणि राखाडी थर तसाच राहिला. थीममध्ये, म्हणजे आलेखाचं रूप ठरवणाऱ्या भागात, या प्रत्येकाला ‘एलिमेंट रेक्ट’ देऊन ‘फिल’ ट्रान्सपरंट करा आणि ‘कलर’ला एनए द्या. ‘कलर’ विसरू नका. मूळ थीममध्ये पूर्ण आलेखाच्या चौकटीची कड पांढरी असते. फक्त ‘फिल’ बदललंत तर चारी बाजूंनी केसाएवढी पांढरी रेघ राहते. लॅपटॉपवर ती दिसत नाही, मोठ्या पडद्यावर नेमकी दिसते. हे सगळं करूनही ‘जीजीसेव्ह’मध्ये ‘बीजी’ ट्रान्सपरंट लिहिलेलं बरं.

इथे आणखी एक चूक फार जण करतात. हे सगळं ‘थीम’मध्ये लिहितात आणि त्याच्यापुढे ‘थीम बीडब्ल्यू’ किंवा ‘थीम मिनिमल’ जोडतात. तयार थीम मागून आली की आधीचं सगळं पुसून टाकते. तयार थीम आधी, तुमचे बदल नंतर.

चौकट गेली, आता अक्षरं. मूळ थीममध्ये अक्षाचं नाव काळं असतं आणि अक्षावरचे आकडे गडद राखाडी. पांढऱ्यावर ही उतरंड चांगली दिसते, गडद निळ्यावर दोन्ही बुडतात. तुम्ही थीममध्ये ‘टेक्स्ट’ पांढरा केलात असं गृहीत धरते. त्याने शीर्षक आणि अक्षाचं नाव पांढरं होतं, आकडे मात्र होत नाहीत, कारण ‘ॲक्सिस डॉट टेक्स्ट’ला स्वतःचा वेगळा रंग दिलेला असतो. फॅसेटच्या शीर्षकांचंही तसंच, आणि अक्षावरच्या बारीक खुणांचंही. हे तिन्ही वेगळे सांगावे लागतात. ‘जॉम टेक्स्ट’ने आलेखाच्या आत आकडे लिहिले असतील तर थीम त्यांना हातही लावत नाही, तिथला रंग तिथेच द्यायचा.

रंग निव्वळ पांढरा देऊ नका, असं माझं मत आहे. शीर्षक पांढरं असू द्या, पण अक्षावरचे आकडे जरा फिके, उदाहरणार्थ २१०, २१५, २२५. नाहीतर डोळा आधी आकड्यांकडे जातो आणि रेषेकडे नंतर. जाळीच्या रेघांचं तर विचारूच नका. मूळ थीममध्ये त्या पांढऱ्या असतात, कारण मागे राखाडी असतो. राखाडी काढून निळा आणलात की त्याच पांढऱ्या रेघा तुमच्या डेटापेक्षा ठळक होतात, तुरुंगाच्या गजांसारख्या. स्लाइडच्या रंगापेक्षा थोडाच उजळ असा रंग त्यांना द्या, ६०, ८०, १३० च्या आसपास. उभ्या रेघा तर बहुतेक वेळा काढून टाकल्या तरी चालतात. वेबच्या सुलभतेच्या नियमांत लहान अक्षरांसाठी मागचा-पुढचा फरक निदान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ असावा असं म्हटलं आहे. ते स्क्रीनसाठी आहे. प्रोजेक्टर आणि उजेडाची खोली असेल तर त्याहून बराच जास्त ठेवा.

आता पट्टा. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला हाच वाटला, कारण चौकट राहिली तर आलेख फक्त वाईट दिसतो, पण इथे त्याचा अर्थच बदलू शकतो. पट्टा काढणाऱ्या ‘जॉम रिबन’मध्ये ‘अल्फा’ ०.२ आहे असं धरू. अर्थ असा, की दिसणाऱ्या रंगात २० टक्के पट्ट्याचा रंग आणि ८० टक्के मागचा. पट्टा आकाशी, ८६, १८०, २३३. मागे पांढरा असताना तो दिसत होता २२१, २४०, २५१, म्हणजे तुमचा छान फिका आकाशी. मागे १०, ३०, ८० आला की तोच पट्टा होतो २५, ६०, १११. मळकट निळा हे तुमचं वर्णन अगदी बरोबर आहे. लॅपटॉपवर तो तरी दिसतो. प्रोजेक्टरच्या पडद्यावर खोलीतला उजेड पडला की गडद छटांमधला फरक सगळ्यात आधी मरतो आणि पट्टा स्लाइडमध्ये विरून जातो. समोरच्यांना फक्त रेषा दिसते. अंदाजातली अनिश्चितता दाखवायला काढलेला पट्टा दिसलाच नाही, तर आपला आकडा आहे त्यापेक्षा जास्त खात्रीचा वाटतो. सर्वेक्षणाच्या निष्कर्षात हे परवडणारं नाही.

उपाय साधा आहे: ‘अल्फा’ ०.४ करा. मग पट्टा ४०, ९०, १४१ येतो, नीट दिसतो आणि मधली रेषाही झाकत नाही. पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला बारीक रेघ दिली तर आणखी बरं. दोन गटांचे पट्टे एकमेकांवर येत असतील तर मात्र ‘अल्फा’ वाढवून भागत नाही. तिथे दोन्ही गटांचे आलेख आपापल्या पट्ट्यांसह शेजारी शेजारी ठेवावेत.

एकावर एक पडणाऱ्या ठिपक्यांचाही हाच हिशेब. ‘अल्फा’ ०.३ चा एक ठिपका ३० टक्के झाकतो, दोन एकावर एक आले की ५१, तीन आले की सुमारे ६६. गर्दी कुठे आहे ते यावरूनच कळतं. पांढऱ्यावर गर्दीची जागा गडद होत जाते, निळ्यावर ठिपक्यांचा रंग उजळ असेल तर उजळ होत जाते. ठिपके गडद रंगाचे ठेवलेत तर गर्दी आणि मोकळी जागा दोन्ही सारख्याच दिसतील.

याच ओघात उष्णता-नकाशासारख्या, म्हणजे आकडे चौकोनांच्या रंगांतून दाखवणाऱ्या, आलेखांचं सांगते, तुमच्या सर्वेक्षणात ते असणारच. लोक साधारणपणे गडद म्हणजे जास्त असं वाचतात. कॅरन श्लॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच्या जोडीला आणखी एक सवय दिसली: रंगांची पट्टी मागच्या रंगात विरत गेल्यासारखी वाटली, तर जो रंग जास्त भरीव वाटतो तो लोक जास्त मानतात. मागे पांढरा असेल तर दोन्ही सवयी एकच उत्तर देतात. मागे गडद असेल तर त्या एकमेकींविरुद्ध ओढतात. म्हणून गडद स्लाइडवर रंगपट्टीशेजारी कुठलं टोक जास्त आणि कुठलं कमी ते शब्दांत लिहा, बघणाऱ्याच्या अंदाजावर सोडू नका. माहिती नसलेल्या चौकोनांकडेही लक्ष असू द्या. जीजीप्लॉट त्यांना राखाडी देतो, पण पायथॉनमधल्या मॅटप्लॉटलिबचं ‘इमशो’ ते रिकामे सोडतं. पारदर्शक आलेखात त्या रिकाम्या जागेतून स्लाइडचा गडद निळा दिसतो, आणि तुमच्या पट्टीत गडद निळा हाही एक आकडा असेल तर ‘माहिती नाही’चं ‘खूप जास्त’ होऊन जातं. त्यांना वेगळा राखाडी रंग द्या.

तुमच्या सहकाऱ्याचं काम दोन मिनिटांचं आहे. ‘सेव्हफिग’मध्ये ‘ट्रान्सपरंट’ ट्रू केलं की मॅटप्लॉटलिब पूर्ण चित्राची आणि अक्षांची पार्श्वभूमी काढतो, लेजंडला हात लावत नाही. लेजंडच्या चौकटीचा ‘फ्रेमअल्फा’ मुळात ०.८ असतो, तोच तो पांढरा डाग. ‘लेजंड’मध्ये ‘फ्रेमऑन’ फॉल्स करायचं. अक्षरांसाठी आलेख काढण्याआधी ‘डार्क बॅकग्राउंड’ ही स्टाइल लावली की अक्षरं, अक्ष, खुणा सगळं पांढरं होतं. तिची काळी पार्श्वभूमी सेव्ह करताना पारदर्शक होऊन जाते. प्लॉटली वापरणारं कुणी असेल तर त्यात ‘पेपर बीजीकलर’ आणि ‘प्लॉट बीजीकलर’ अशी दोन नावं आहेत, दोन्हींना चार आकड्यांतला शेवटचा, म्हणजे पारदर्शकतेचा, शून्य द्यायचा. एक्सेलवाल्यांनी चार्ट एरिया आणि प्लॉट एरिया दोन्हींना ‘नो फिल’ द्यावं आणि चित्र न करता चार्टच स्लाइडवर पेस्ट करावा.

आकाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री विचाराल म्हणून आत्ताच. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड १३.३३ इंच बाय ७.५ इंच असते. आलेख ११ बाय ५.५ इंचात बसणार असेल तर ‘जीजीसेव्ह’मध्ये तेच माप द्या, डीपीआय (दर इंचातले पिक्सेल) २००, म्हणजे २२०० बाय ११०० पिक्सेल. मग थीममध्ये ‘बेस साइज’ १८ दिलं तर स्लाइडवरही मूळ अक्षरं १८ पॉइंटचीच राहतात. मूळचं ११ शेवटच्या रांगेतून वाचता येत नाही. लहान माप देऊन कोपरा धरून ओढलेला आलेख लगेच ओळखू येतो, अक्षरं फुगलेली आणि रेषा जाड. सेव्ह करायला ‘रॅग’ हे पॅकेज बसवून घ्या, ते असलं की पीएनजीसाठी ‘जीजीसेव्ह’ आपण होऊन तेच वापरतं. कडा स्वच्छ येतात, आणि आलेखावर देवनागरी अक्षरं असतील तर जोडाक्षरं आणि वेलांट्याही जागेवर बसतात.

खरं सांगायचं तर तुमची स्लाइड सपाट एकरंगी असेल तर पारदर्शकतेची सक्ती नाही. टेम्प्लेटमधला निळा नेमका उचलून तोच आलेखाला पार्श्वभूमी म्हणून दिला तरी डोळ्याला फरक कळत नाही, आणि पट्टा, ठिपके, अक्षरं हे सगळं आलेख काढतानाच त्या निळ्यावर दिसत असल्यामुळे चुका तिथेच लक्षात येतात. तोटा एवढाच की उद्या कुणी टेम्प्लेट बदललं तर सगळे ठोकळे पुन्हा उघडे पडतील. टेम्प्लेट ‘आलं आहे’ असं तुम्ही लिहिता, म्हणजे ते बदलणारं कुणीतरी दुसरं आहे. तेव्हा तुमच्यासाठी पारदर्शकच योग्य. पण आलेख काढताना मात्र मागे निळा ठेवून काढा आणि शेवटच्या सेव्हच्या वेळी तेवढा काढा.

स्लाइडवर फोटो किंवा एका रंगातून दुसऱ्यात जाणारी छटा असेल तर पारदर्शक आलेख ठेवूच नये. अर्धी अक्षरं उजेडात, अर्धी अंधारात जातात. तिथे आलेखाखाली स्लाइडच्याच रंगाचा एक चौकोन टाकावा, बऱ्यापैकी भरीव. तपासायचं म्हणाल तर फाइल नुसती उघडून बघू नका. कुठला व्ह्यूअर पारदर्शक जागा काळी दाखवतो, कुठला पांढरी, कुठला चौकटी-चौकटींची. काळी दिसली की लोक घाबरून पुन्हा सगळं करत बसतात. खऱ्या टेम्प्लेटच्या स्लाइडवर टाका, ४०० टक्के मोठं करा, कडा बघा, मग खोलीच्या मागच्या भिंतीपाशी उभं राहून पूर्ण स्लाइड बघा.

राहिला छापील अहवाल. पांढऱ्या अक्षरांचा पारदर्शक आलेख पांढऱ्या कागदावर गेला तर कागदावर फक्त रेषा येतील, आकडे नाहीत. स्लाइडच्या प्रती काढून वाटणार असाल तर हा धोका तिथेही आहे: ग्रेस्केल प्रिंटमध्ये पॉवरपॉइंट बहुतेक वेळा स्लाइडची पार्श्वभूमी काढून टाकतो, तुमचं पांढरं चित्र तसंच ठेवतो. म्हणून दोन थीम करा, एक स्लाइडची, एक कागदाची, आणि दोन्ही फंक्शनमध्ये बांधून ठेवा. पट्ट्याचा ‘अल्फा’ आणि रेषांचे रंगही त्यांच्यासोबत बदलले पाहिजेत, नुसती थीम पुरत नाही. एकाच कोडमधून दोन फाइली पडतात, आणि पुढच्या वर्षी सर्वेक्षणाचे नवे आकडे आले की दोन्ही एकदमच बदलतात.

कागदाच्या फाइलला पारदर्शकता लागतच नाही, साधी पांढरी पार्श्वभूमी द्या आणि पीडीएफ करा. २००१ च्या १.४ आवृत्तीपासून पीडीएफमध्ये अर्धपारदर्शक रंग चालतात, त्यामुळे पट्ट्याची अडचण येणार नाही. छपाईवाल्यांनी ईपीएसच मागितलं तर गोष्ट वेगळी. त्या जुन्या पद्धतीला अर्धपारदर्शक कळत नाही, मॅटप्लॉटलिब अशा वेळी पट्टा पूर्ण भरीव करून मोकळं होतं. तेव्हा रंग आधीच मिसळून द्या: वरच्या हिशेबातला २२१, २४०, २५१ हाच पट्ट्याचा रंग, ‘अल्फा’ १, आणि कोडमध्ये पट्टा रेषेच्या आधी. जाळीच्या रेघा पट्ट्याखाली झाकल्या जातील, त्याने काही बिघडत नाही.